उलटा झेंडा आणि अल्बममधली पुस्तके

१३ एप्रिल १९९६ ची रात्र. न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाहिनीवर ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा कार्यक्रम थेट चालू होता. (आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची सकाळ झालेली.) पाहुणे सूत्रधार होते स्टीव्ह फोर्ब्स. गर्भश्रीमंत मासिक-मालक, आणि महिनाभरापूर्वीच रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडलेले. गाणार होता ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ हा रॉक बँड. त्यांनी आपल्या अॅम्प्लिफायरवर अमेरिकेचे झेंडे उलटे लटकवले. अमेरिकेच्याच ध्वजसंहितेत उलटा झेंडा ही घोर संकटाची खूण आहे. गाणे सुरू व्हायच्या काही क्षण आधी वाहिनीच्या माणसांनी ते झेंडे ओढून काढले. बँडने एक गाणे वाजवले. दुसरेही ठरलेले होते, पण त्यांना इमारतीबाहेर काढण्यात आले.

वाजवलेले गाणे होते ‘बुल्स ऑन परेड’, युद्ध आणि शस्त्रांच्या धंद्यावरचे. एनबीसीची मालकी तेव्हा जनरल इलेक्ट्रिककडे होती आणि ही कंपनी लढाऊ विमानांची इंजिने बनवत असे. म्हणजे शब्द चालले, झेंडा चालला नाही. प्रस्थापितांना आपले गाणे नेमके कुठवर चालते, हे इथे दिसते.

तीन दिवसांनी, १६ एप्रिलला, बँडचा दुसरा अल्बम बाजारात आला आणि थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नाव ‘इव्हिल एम्पायर’, म्हणजे दुष्ट साम्राज्य. हे शब्द त्यांचे नव्हते. मार्च १९८३ मध्ये फ्लोरिडात ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या सभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सोव्हिएत रशियाला ही शिवी दिली होती. बँडने ती उचलली आणि देणाऱ्याच्याच दारात नेऊन ठेवली. कोणाला दुष्ट म्हणायचे, कोणाला राक्षस आणि असुर म्हणायचे, हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे असतो, हा प्रश्न फुले वाचलेल्या माणसाला नवा नाही.

गायक झॅक डे ला रोचाचे वडील बेटो हे चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळाचे अमेरिकन चित्रकार. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या कला संग्रहालयात चिकानो कलाकारांचे पहिले प्रदर्शन भरले, त्या ‘लॉस फोर’ गटातले एक. गिटार वाजवणारा टॉम मोरेलो हार्वर्डमध्ये शिकलेला, वडील केनियाचे मुत्सद्दी. १९९२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे मुखपृष्ठ तर बौद्धांनी विसरू नये असे आहे. दक्षिण व्हिएतनाममध्ये दिएम राजवटीने बौद्धांवर चालवलेल्या दडपशाहीविरुद्ध ११ जून १९६३ रोजी सायगावच्या रस्त्यात स्वतःला पेटवून घेणाऱ्या भिक्खू थिच क्वांग डुक यांचा तो फोटो.

दोन अल्बमांच्या मधल्या काळात मेक्सिकोत एक मोठी घटना घडली. १९९२ मध्ये तिथल्या सरकारने घटनेचे कलम २७ बदलून गावाच्या सामाईक जमिनी विकायची वाट मोकळी केली. १ जानेवारी १९९४ ला, मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, चियापासच्या माया आदिवासींनी झापातिस्ता सेनेच्या नावाने उठाव करून शहरे ताब्यात घेतली. झॅक चियापासला गेला, तिथल्या लोकांत राहिला. अल्बममधले पहिलेच गाणे, ‘पीपल ऑफ द सन’, त्यातून आले. स्पॅनिश आक्रमणापासून झापातिस्तांपर्यंतचा पाचशे वर्षांचा इतिहास ते अडीच मिनिटांत मांडते. सीमेवरच्या भिंतीवर, कारखान्यात राबणाऱ्या मेक्सिकन बाईवरही गाणी आहेत. माझ्या मते संगीत म्हणून पहिला अल्बम जास्त धारदार आहे. पण गाण्यामागे उभी चळवळ दिसते ती या दुसऱ्यात.

आणि खरी गोष्ट कव्हरच्या आत आहे. आतल्या पुस्तिकेत पुस्तकांच्या ढिगाचा फोटो छापला आहे. फ्रांत्झ फॅनन आहे, चे गव्हेरा आहे. डोके हलवायला आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात, त्याने न मागता, वाचनाची यादी.

आक्षेप ठाऊक आहे: हा अल्बम काढला सोनीच्या एपिक कंपनीने. व्यवस्थेविरुद्धचा राग व्यवस्थेनेच विकला, नफाही तिचाच. आक्षेप खोटा नाही. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांनाही हा बँड आवडत असल्याची चर्चा झाली, तेव्हा मोरेलोला लिहावे लागले की आमचा राग ज्या यंत्रावर आहे त्याचे हे गृहस्थ मूर्तिमंत रूप आहेत. ठेका घेतला, आशय सोडून दिला. निवडणुकीच्या स्टेजवर भीमगीत लावून खाली आरक्षणाविरुद्ध कुजबुजणारे आपण पाहिलेत, त्यामुळे रायन यांचे नवल वाटत नाही.

पण बाजारात जायचे की नाही, एवढ्यावरच वाद थांबवणे मला पटत नाही. बाजारात जाताना बरोबर काय नेले, हेही विचारायला हवे. विचार समुद्र ओलांडून येतात ते असेच कुणाच्या तरी हातातून. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ झाले ते वाचणाऱ्या पोरांमुळे. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार हे आधी वाचक होते. आज आपल्या गाण्यांना यूट्यूबवर लाखांनी ऐकणारे आहेत. गाण्याखालच्या माहितीत बुकिंगचा फोन नंबर असतो, साउंडवाल्याचे नाव असते, दुसऱ्या गाण्याची लिंक असते. तिथे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आणि ‘गुलामगिरी’ ही दोन नावे टाकायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.