शेपटातला होकार : कोल्हापूर, इंग्रजी आणि ‘न्हवं?’

एप्रिल १८९७. लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे एक तीस वर्षांचा मराठी प्राध्यापक साक्ष देत होता. त्याचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्याने मांडलेल्या विधानांची कसून उलटतपासणी झाली. उलटतपासणीत प्रश्नकर्ता पुष्कळदा माहिती विचारतच नाही. तो आपलेच विधान पुढे ठेवतो आणि साक्षीदाराकडून त्यावर होकार मागतो. या कामासाठी इंग्रजीत एक चिमुकले हत्यार आहे. शाळेत त्याला ‘क्वेश्चन टॅग’ म्हणतात.

गोखल्यांचे शालेय शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले. १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि नुकत्याच, म्हणजे १८८० साली, सुरू झालेल्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. त्यांच्या आधीच्या पिढीत महादेव गोविंद रानड्यांनीही इंग्रजीचे पहिले धडे कोल्हापुरातच गिरवले होते. कठीण शब्द अशी मुले पाठ करून टाकीत. परकी भाषा खरी अडवते ती अशा लहान जागी.

मराठीत हे काम एका अक्षरात होते. ‘तू येणार ना?’ ‘ती गेली ना?’ ‘तो विसरला नाही ना?’ कर्ता बदलो, काळ बदलो, ‘ना’ जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक वाक्याचे शेपूट नव्याने घडवावे लागते. वाक्यातले साहाय्यक क्रियापद उचलायचे, होकार असेल तर नकार करायचा, नकार असेल तर होकार, आणि कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवायचे. ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘डू’ आणावे लागते : ‘शी वेन्ट, डिडन्ट शी?’ ‘नेव्हर’ किंवा ‘हार्डली’ हे शब्द नकारार्थी दिसत नसले तरी नकारच मानले जातात, म्हणून त्यांच्यापुढे होकारी शेपूट येते. आणि ‘आय ॲम’चे शेपूट ‘आरन्ट आय’ का, याचे समाधानकारक उत्तर वर्गात सहसा मिळत नाही.

इतका खटाटोप शेजारच्या भाषांनीही केलेला नाही. फ्रेंचांचे ‘नेस् पा’ आणि जर्मनांचे ‘निश्त वार’ आपल्या ‘ना’सारखेच स्थिर आहेत. इंग्रजीतली ही बदलती शेपटे सोळाव्या शतकातील नाटकांच्या संवादांत दिसू लागतात. प्रश्नात ‘डू’ वापरण्याची रीत त्याच काळात रुजत होती. म्हणजे हा नियम पंडितांच्या पोथीतून आलेला नाही, बोलण्यातून वर आलेला आहे.

कोल्हापूरच्या बोलीत ‘ना’सोबत ‘न्हवं’ नांदते : ‘काल बाजारात गेलतास न्हवं?’ सीमेपलीकडची कन्नड याच जागी ‘अल्वा?’ म्हणते. त्याचाही मूळ अर्थ ‘नव्हे का?’ असाच आहे. अशा भाषांमध्ये वाढलेल्या माणसाने इंग्रजीतही एकच शेपूट निवडावे, हे स्वाभाविकच. ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ परीक्षेत या वाक्याचा गुण जातो. पण खुद्द लंडनच्या रस्त्यावरही ‘इनिट’ हे असेच एकसाची शेपूट चालते, तेव्हा या चुकीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

खरा धोका उत्तरात आहे. ‘तुम्ही तिथे गेला नव्हता ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो, नव्हतो गेलो’ म्हणतो, किंवा ‘नाही, नव्हतो गेलो’ म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच. प्रश्नातले विधान खरे आहे, एवढेच तो ‘हो’ सांगतो. इंग्रजीत मात्र ‘यस’ म्हणजे ‘गेलो होतो’. साक्षीदार नुसते ‘हो’ म्हणून थांबला आणि कोणी ते ‘यस’ असे लिहिले, की साक्ष उलटी होते.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याने, अपेक्षित उत्तर सुचवणारा प्रश्न म्हणजे सूचक प्रश्न, अशी व्याख्या कलम १४१मध्ये केली. सरतपासणीत विरुद्ध पक्षाची हरकत असेल, तर असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीविना विचारता येत नसे. उलटतपासणीत मात्र कलम १४३ने त्याला मोकळी वाट दिली. नकारी वाक्य आणि त्याला जोडलेले शेपूट हा अशा प्रश्नाचा अगदी सहज येणारा साचा. उत्तर पूर्ण वाक्यात घेणे, हाच त्यावरचा साधा उपाय.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे जातात. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. खालच्या न्यायालयात मराठीत नोंदलेला एखाद्या साक्षीदाराचा ‘व्हय’ तिथे भाषांतरातून पोहोचतो.