न घेता घेतलेले नाव

आमच्या आईने वडिलांचे नाव उभ्या आयुष्यात चार-पाच वेळाच घेतले असेल, तेही उखाण्यात. एरवी ते 'हे', नाहीतर 'अहो'. शिधापत्रिकेच्या कामासाठी कचेरीत गेले आणि कारकुनाने नवऱ्याचे नाव विचारले, की ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो. नातवंडांना आज याचे हसू येते. पण ही रीत काही एकट्या नवऱ्यापुरती नव्हती. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. रात्री सापाचे नाव काढायचे नाही, 'लांबडं' म्हणायचे. कुठे आदर, कुठे भीती, आणि बऱ्याचदा दोन्ही मिसळलेले.

मंडळी, आज हे लिहायचे कारण म्हणजे देवाचे असेच एक नाव. हिब्रू भाषेतले चार अक्षरांचे नाव, योद-हे-वाव-हे. यहुद्यांच्या पवित्र ग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, ते सहा हजारांहून अधिक वेळा येते. ते मोशेला जळत्या झुडपातून कळले अशी कथा आहे, आणि 'असणे' या धातूशी त्याचा संबंध जोडतात. एवढ्या वेळा लिहिलेले हे नाव आज नेमके कसे उच्चारायचे ते कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही!

याचे कारण लिपीत आहे. हिब्रूत मुळात फक्त व्यंजने लिहीत. आपल्या देवनागरीत 'क' लिहिला की त्यात 'अ' आपोआप आला, तो काढायचा तर पाय मोडावा लागतो. तिथे उलट. स्वर वाचणाऱ्याच्या तोंडात. आणि हे नाव तर तोंडात आणायचेच नाही, अशी रीत पडत गेली. यरुशलेमच्या मंदिरात महायाजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, ते उच्चारी, अशी परंपरा सांगते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडले. मग उच्चार सांगणारे कोणी उरले नाही. पोथीत नाव आले की वाचणारा त्याजागी 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे म्हणतो. रोजच्या बोलण्यात तर नुसते 'हाशेम', म्हणजे 'ते नाव'. आमच्या आईच्या 'हे'चीच ही जात, असे मला नेहमी वाटते.

हे सगळे दूर परदेशातले आहे असे समजू नका. आपल्या कोकणात ही रीत शतकानुशतके आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या, अशी बेने इस्रायल समाजाची आठवण आहे. तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ग्रंथ गेले तरी 'शेमा' ही प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली, आणि त्या प्रार्थनेतही ते नाव 'अदोनाय' म्हणूनच घेतात. आमच्या ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ चे त्यांचे सिनेगॉग आजही उभे आहे.

आता ख्रिस्ती मंडळींकडे येतो. मध्ययुगाच्या आरंभी यहुदी पंडितांनी पोथीला स्वरचिन्हे दिली, तेव्हा या चार व्यंजनांना 'अदोनाय'चे स्वर लावले. हेतू एवढाच, की वाचणाऱ्याला आठवण राहावी, इथे दुसरा शब्द वाच. युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांनी मात्र व्यंजने आणि स्वर एकत्र वाचले आणि तयार झाले 'येहोवा'. एकाच्या अंगात दुसऱ्याचा सदरा! पण भक्तांनी तो शब्द उचलला, त्यावर गाणी रचली, त्याच्या आधाराने मरणे सोसली. अशा शब्दाला नुसता चुकीचा म्हणून फेकता येत नाही, असे माझे मत. पुढे एकोणिसाव्या शतकात 'याहवे' हा उच्चार अभ्यासकांनी मूळच्या जवळचा ठरवला.

मराठीत काय झाले? फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्यांनी सरळ आपला 'परमेश्वर' घेतला, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. नंतर प्रोटेस्टंट मिशनरी आले. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरला छापला (नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले). मुंबईच्या जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. म्हणजे कोकणातला तेली मराठीच्या आधाराने आपली पूर्वजांची भाषा शिकू लागला. ज्याने शिकवले त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण शिकलेले बहुतेक आपल्याच धर्मात पक्के झाले. असो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सर्वांत मोठे वाटते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या संस्कृत पंडितेने हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले. चालू भाषांतरांतले हिंदू धर्मग्रंथांची छाया असलेले शब्द त्यांना खटकत. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. शब्दासाठी माणूस किती झिजू शकतो!

माझ्याकडे एक जुने मराठी 'पवित्र शास्त्र' आहे, पहिली पाने गेलेले. त्यात 'यहोवा' आहे. आज दुकानात मिळणाऱ्या बायबल सोसायटीच्या प्रतीत त्याजागी 'परमेश्वर' आहे. कानाला 'परमेश्वर' आपला वाटतो, शेजारच्या देवळातल्या आजीलाही कळतो. पण 'परमेश्वर' हा शब्द आहे, आणि 'यहोवा' हे नाव. 'गुरुजी' म्हणणे वेगळे आणि हाक मारणे वेगळे. कोणते योग्य हे मी ठरवू शकत नाही, पण फरक मात्र आहे.

तो फरक मला वसईत दिसला. आमच्या दिघाशीकडून वज्रेश्वरीवरून वसईला जाता येते. (वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाचे, हे तुम्हाला माहीत असेलच.) माझे एक कॅथलिक सहकारी, गणिताचे सर, तिथले. त्यांना एक इंग्रजी भजन फार आवडे, त्यात 'याहवे' अशी हाक होती. कामावरून परतताना एसटीत ते गुणगुणत. २९ जून २००८ रोजी व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना पत्र पाठवले, की उपासनेत, गाण्यांत आणि प्रार्थनांत हे चार अक्षरी नाव उच्चारू नये, 'प्रभू' म्हणावे. दोन वर्षांनी सर वारले. चर्चमध्ये दुसरे गाणे म्हटले गेले. संध्याकाळी घरी, जवळची दहा-बारा माणसे असताना, वहिनींनी ते भजन म्हटले. नावापाशी आल्या, थांबल्या, आणि त्या जागी फक्त सूर धरला. शब्द नाही. पलंगाशेजारी बसलेली त्यांची थोरली लेक मात्र ते नाव स्पष्ट म्हणाली. दोघीही रडत होत्या. त्या खोलीत कोण बरोबर होते हे विचारायची माझी छाती झाली नाही.

ते पत्र मी पुढे मिळवून वाचले. त्यातली बाजू तकलादू नाही. पहिले ख्रिस्ती ग्रीक बायबल वाचत, त्यात त्या नावाच्या जागी 'क्युरिओस', म्हणजे प्रभू, असे होते. तोच शब्द त्यांनी येशूला लावला. म्हणजे येशूला 'प्रभू' म्हणण्यातच त्याच्या देवपणाची कबुली आहे, आणि ती जागा दुसऱ्या शब्दाने भरली तर धागा तुटतो. शिवाय यहुदी बांधवांना ज्याचा उच्चार सोसत नाही ते आपण गाण्यात का घोळवावे, हा विचारही मला मोलाचा वाटतो. पण नाव घेऊन घेऊन जीभ झिजवा असे सांगणाऱ्या वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्या लेकीचेही मन कळते.

गंमत अशी, की नाव बंद करूनही बंद होत नाही. 'हालेलूया' म्हणजे 'याहची स्तुती करा'. हा 'याह' त्याच नावाचे आखूड रूप. योहान, यशया, यिर्मया यांतही तो लपलेला आहे. आणि 'येशू'? मूळ 'यहोशुआ', म्हणजे 'याह तारतो'. वहिनींनी त्या संध्याकाळी शेवटी 'हालेलूया' म्हटलेच होते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण दगडात दाखवतात. गुळाखोबऱ्याच्या गोड पोह्यांचा मलिदा समोर ठेवून बेने इस्रायल त्याचे नाव घेतात, आणि 'एलियाहू' म्हणजे 'माझा देव याह'.