मणक्यांमधील चकती

वैद्यकशाळेंत तारेवर टांगलेला सांगाडा पाहणाऱ्याची एक फसगत सहज होते. मणके एकावर एक नीट रचलेले दिसतात. पण जिवंत मनुष्याच्या कण्याच्या उंचीचा सुमारें चतुर्थांश ज्या पदार्थानें व्यापलेला असतो, तो हाडें स्वच्छ करतांनाच निघून गेलेला असतो. हा पदार्थ म्हणजे दोन मणक्यांमधील कूर्चेची चकती. अशा चकत्या एकंदर २३. कंबरेच्या दुखण्याचा इतिहास हा बव्हंशीं त्यांच्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा इतिहास होय.

दुसऱ्या शतकांत रोममध्यें वैद्यकी करणाऱ्या गेलेननें प्राण्यांचा पृष्ठरज्जु ठिकठिकाणीं छेदून, कोठें छेद घेतला असतां कोणता अवयव लुळा पडतो, हें प्रयोगानें दाखविलें. परंतु मनुष्याचें प्रेत फाडण्याची त्याला सोय नव्हती. माकडांवरून त्यानें मनुष्याचें वर्णन केलें, आणि कंबरेखालचें त्रिकास्थि तीन मणक्यांचें असतें असें लिहून ठेवलें. युरोपांत हें वचन तेराशें वर्षें चाललें. पादुआचा तरुण अध्यापक व्हेसालियस यानें १५४३ सालच्या आपल्या ग्रंथांत तीन नव्हे, पांच-सहा मणके दाखविले. पॅरिसमधील त्याचे गुरु सिल्व्हियस इतके खवळले कीं, गेलेन चुकला नसून त्याच्यामागून मनुष्याचें शरीरच बदललें असावें, असा युक्तिवाद त्यांनीं केला! ग्रंथनिष्ठेचा असा नमुना विरळाच.

हाडांची मोजदाद जुळली, तरी कंबरेंतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ कां येते, हें कोणास सांगतां येईना. आयुर्वेदानें तिला गृध्रसी हें नांव फार पूर्वींच दिलें होतें. नेपल्सच्या कोतुन्योनें १७६४ सालीं हें दुखणें मज्जातंतूचें असूं शकतें, असें प्रतिपादिलें. १८५८ सालीं लुश्का या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें चकतीचा फुगवटा पाहून त्याचें वर्णनहि केलें. पण ती शवागारांतील एक नवलाई ठरली. रोग्याच्या खाटेपर्यंत ती बातमी पोंचली नाहीं.

चकतीच्या मध्यभागीं पाण्यानें फुगलेला मऊ गर असतो. त्याच्या भोंवतीं तंतूंचीं कडीं एकाबाहेर एक असतात, आणि प्रत्येक कड्यांतील तंतु शेजारच्या कड्याच्या उलट दिशेनें तिरपे जातात. दिवसभराच्या भारानें गरांतील पाणी थोडें बाहेर जातें व रात्रीं निजल्यावर परत येतें. म्हणून मनुष्य सकाळीं संध्याकाळपेक्षां सुमारें एक सेंटिमीटर उंच भरतो. मात्र हीं कडीं मागल्या बाजूस पातळ असतात. तीं फाटलीं कीं गर मागें, बहुधा जरा बाजूला, सरकतो. असें विशेषतः कंबरेच्या शेवटच्या दोन चकत्यांत घडतें. पृष्ठरज्जु त्यांच्या बराच वर संपलेला असतो. तेथें असतो घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका. दाब त्यांतील एखाद्या तंतूच्या मुळावर येतो, आणि दुखतो मात्र पाय.

हें कोडें बॉस्टनमध्यें सुटलें. १९३२ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें शस्त्रवैद्य मिक्स्टर यांनीं एका रोग्याच्या कण्यांतून गांठ काढली. कूर्चेचें अर्बुद, असा तिच्यावर शेरा पडला. रोगी होता अस्थिवैद्य बार यांचा. त्यांना ती गांठ चकतीच्या तुकड्यासारखी वाटली. मग अर्बुदें म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हां तपासण्यांत आले, आणि त्यांतील बहुतेक चकतीचेच तुकडे निघाले. ज्यांना अर्बुद झाल्याचें सांगितलें होतें, त्यांतील पुष्कळांना तें झालेंच नव्हतें!

१९३४ सालीं दोघांनीं १९ रोग्यांची हकीकत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या पत्रांत छापली. तेव्हांपासून पारडें दुसरीकडे झुकलें. कंबर दुखली कीं चकतीवर आळ येऊं लागला, आणि शस्त्रक्रियाहि वाढल्या.

साठ वर्षांनीं, १९९४ सालीं, त्याच पत्रांत दुसरी हकीकत आली. कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांच्या कण्यांचीं चुंबकीय चित्रें घेतलीं, तों शेंकडा ५२ जणांच्या एका तरी चकतीला फुगवटा आढळला. सरकलेला गर पुष्कळदां आपोआप आकसतो, हेंहि आतां ठाऊक झालें आहे. म्हणून चित्र हातीं असतांहि जाणता वैद्य रोग्याला उताणा निजवितो, आणि त्याचा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलून पाहतो.