वऱ्हाडातील सुगंधी बाग : काळी माती, खारे पाणी आणि मोगऱ्याचा बहर

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मोगरा, जाई, रातराणी, मधुमालती किंवा पारिजातक नसलेले अंगण कमीच. मात्र याच भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, जमिनीला भेगा पडतात आणि पाण्याची ओढ सुरू होते. मोगऱ्याचा मुख्य बहर नेमका याच दिवसांत असतो. त्यामुळे वऱ्हाडात सुगंधी झाडे फुलवणे हा आधी माती आणि पाण्याचा प्रश्न आहे. रोप निवडण्याचा विचार त्यानंतर येतो.

काळ्या मातीत अडचण कुठे येते?

कापसाच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगा पडताना झाडाची बारीक मुळे तुटतात. पावसाळ्यात त्याच मुळांभोवती पाणी साचून ती कुजतात. मोगरा, जाई आणि जुई यांना ओल लागते, पण साचलेले पाणी चालत नाही.

काळ्या जमिनीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती भरली, तर खड्डा वाटीसारखा होतो. आजूबाजूचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडत नाही. त्यापेक्षा जमिनीपासून वीतभर उंच वरंबा किंवा वाफा करून त्यावर रोप लावणे चांगले. काळ्या मातीत कुजलेले शेणखत, थोडी जाड वाळू किंवा मुरूम मिसळावा. उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन दिल्यास भेगा कमी पडतात आणि पाणीही कमी लागते.

या मातीत चुना भरपूर असतो. त्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की हे लक्षण समजावे. अशा वेळी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारतात. मातीत टाकलेले फेरस सल्फेट चुन्यामुळे लवकरच निरुपयोगी होते. अनंताला आम्लयुक्त माती लागते, म्हणून वऱ्हाडात तो जमिनीऐवजी पानांच्या खताने भरलेल्या कुंडीत अधिक चांगला जगतो.

खारपाणपट्टा आणि घरातले पाणी

सातपुड्यातून उतरून तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. येथील भूजलात क्षार जास्त असतात. अशा बोअरवेलचे पाणी सतत दिल्यास मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात आणि माती घट्ट होत जाते. अमरावतीला ऊर्ध्व वर्धा आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून येणारे नळाचे पाणी तुलनेने गोडे असते. छतावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवता आले, तर नाजूक झाडांसाठी ते सर्वात उत्तम.

पाणी वाचवताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. कूलरच्या टाकीतील पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. त्यामुळे तळाशी उरलेले पाणी मूळ पाण्यापेक्षा खारे असते. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही तसेच. हे पाणी अंगण धुण्यास योग्य, मोगऱ्याला नाही. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी मात्र निर्धास्त द्यावे.

पाणी खारेच असेल, तर खरी मेंदी हा चांगला पर्याय आहे. ती कोरड्या हवेत टिकते आणि तिच्या बारीक फुलांचा वास दूरवर जातो. कुंपण म्हणून सतत कातरलेल्या मेंदीला फुले येत नाहीत, काही फांद्या मोकळ्या सोडाव्या लागतात.

संत्र्याप्रमाणे मोगऱ्यालाही ताण

वरूड-मोर्शी भागातील संत्रा उत्पादकांना ‘ताण’ हा शब्द नवा नाही. आंबिया बहारासाठी ते थंडीच्या दिवसांत बागेचे पाणी तोडतात. वाढ थांबते आणि नंतर पाणी मिळताच झाड फुलावर येते. मोगऱ्यालाही हाच उपाय लागू पडतो. डिसेंबरमध्ये पाणी कमी करावे. जानेवारीत झाड गुडघ्याइतके ठेवून छाटावे, वाळलेल्या व रोगट फांद्या काढाव्यात. मग शेणखत देऊन हळूहळू पाणी सुरू करावे. नव्या फुटीवर मार्च-एप्रिलपासून कळ्या लागतात. कुंडीतील मोगऱ्याचा ताण सौम्य ठेवावा, कारण कुंडीतील माती लवकर कोरडी होते.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली येईल अशी जागा मोगऱ्याला मानवते. पूर्ण वाढलेल्या कळ्या सायंकाळपूर्वी तोडून ओल्या कापडात ठेवल्या, तर त्या रात्री उमलतात. त्यामुळे गजऱ्यासाठी कळ्याच घेतात.

वर्षभर सुगंध कसा मिळतो?

एकाच मोसमात फुलणारी झाडे लावली, तर उरलेले महिने कोरडे जातात. उन्हाळ्यात मोगरा आणि मदनबाण फुलतात. पावसाळ्यात जाई-जुईचा बहर सुरू होतो. पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत सडा घालतो. हिवाळ्यात कुंदा फुलतो, त्याचा वास मंद असतो. हिरवा चाफा ही आकड्यांनी आधार धरणारी वेल आहे. तिची फुले हिरवी असताना फारशी जाणवत नाहीत, पिवळी पडू लागली की पिकलेल्या फळासारखा वास सुटतो.

मधुमालती या हवेत सर्वात काटक. तिची फुले सायंकाळी पांढरी उमलतात, नंतर गुलाबी आणि मग लाल होतात. पश्चिमेच्या भिंतीवर मांडव करून ती चढवली, तर दुपारच्या उन्हापासून घराचेही रक्षण होते.

रात्रीचा वास आणि जागेची निवड

यातील बहुतेक फुले पांढरी असून सायंकाळनंतर उमलतात. त्यांच्याकडे येणारे पतंग अंधारात उडतात, म्हणून ही फुले रंगाऐवजी वासाने त्यांना बोलावतात. वाऱ्याची झुळूक मंदावली की वास अंगणात साठून राहतो.

कूलर बाहेरची हवा आत ओढतो. त्याच्या खिडकीजवळ मोगरा असेल, तर वास थेट खोलीत येतो. रातराणी मात्र तेथे लावू नये. तिच्या उग्र वासाने काहींचे डोके दुखते. फाटकाजवळ किंवा अंगणाच्या टोकाला ती योग्य.

काय टाळावे?

रातराणीची पांढरी फळे विषारी असतात, म्हणून लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ती दूर ठेवावीत. रातराणीच्या वासाने साप येतो, हा समज मात्र खरा नाही. दाट झुडपाच्या बुंध्याशी उंदीर-बेडकांना आसरा मिळतो आणि साप त्यांच्या मागावर येतो. खालच्या फांद्या छाटून बुंधा मोकळा ठेवणे हा त्यावरचा उपाय.

कामिनी, म्हणजेच कुंती, ही लिंबू-संत्र्याच्या कुळातील आहे. संत्र्यावर ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावरही वाढते. शहरातील अंगणात ती लावायला हरकत नाही, पण संत्रा बागेच्या शेजारी तिचे कुंपण करू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मोगरा, जाई, पारिजातक आणि कुंदा ही चार झाडे पुरेशी होतात. जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर ती लावली, तर पहिल्या उन्हाळ्याआधी मुळे धरायला त्यांना आठ-नऊ महिने मिळतात.