बीज, क्षेत्र आणि शेवाळ

पावसाळा सरून शरदाचे ऊन पडू लागले, की तळ्यांच्या काठाशी, विहिरींच्या पायऱ्यांवर आणि डबक्यांच्या कडेला हिरव्या रेशमाच्या लडी तरंगू लागतात. ते शेवाळ. घागर बुडवणाऱ्या बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते हाताने बाजूला सारले. पाय घसरला की त्याची आठवण व्हावी आणि पाणी निवळले की विसर पडावा, याहून अधिक मान त्याच्या वाट्याला कधी आला नाही. परंतु मनुष्यजातीच्या एका फार जुन्या वादात याच शेवाळाने मोठी वजनदार साक्ष दिली आहे. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

वाद असा, की अपत्य कोणाचे? बापाचे की आईचे? आपल्याकडे शास्त्रकारांनी हा प्रश्न शेतीच्या भाषेत मांडला. पुरुष हा बीज, स्त्री हे क्षेत्र. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात या दोहोंत श्रेष्ठ कोण याचा ऊहापोह आहे आणि कौल बीजाच्या बाजूने पडतो. हा विचार केवळ आपलाच नव्हे. इसवी सनापूर्वी 458 साली अथेन्समध्ये झालेल्या एस्किलसच्या नाटकात अपोलो देव भर न्यायसभेत सांगतो, की आई ही जन्मदात्री नव्हेच, ती पेरलेल्या अंकुराची केवळ दाई. दोन दूरच्या संस्कृती, पण निवाडा एकच!

आता एकोणिसाव्या शतकातील जर्मनीकडे वळू. माथियास श्लायडेन हे तेथील वनस्पतिशास्त्रातील मोठे नाव. प्रत्येक वनस्पती पेशींची बनलेली असते, हा सिद्धान्त 1838 साली मांडणारे ते हेच. त्यांनी 1837 साली असे प्रतिपादन केले होते, की फुलातील परागकणापासून निघणारी नळी बीजांडात शिरते आणि तिचे टोकच वाढून गर्भ होतो. म्हणजे बीजांड हे नुसते पाळणाघर! एस्किलसच्या अपोलोचेच म्हणणे, फक्त सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलेले. इटलीतील आमिची यांनी 1846 साली आमरांच्या फुलांवरून दाखवले, की गर्भ ज्यापासून होतो ती पेशी परागनळी येण्यापूर्वीच बीजांडात हजर असते. तरीही वाद मिटेना. कारण उघड होते. फुलातला हा सोहळा बीजांडाच्या पडद्याआड चालतो. बीजांड कापावे तर सोहळा मोडतो, न कापावे तर काही दिसत नाही.

येथे शेवाळाची पाळी आली. शेवाळाचा तंतू म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या पेशींची माळ, आणि तीही काचेसारखी पारदर्शक. तिच्यात पडदा नाही, आडोसा नाही. डेल्फ्ट गावचा कापडविक्या लेव्हेनहूक याने 1674 साली जवळच्या सरोवराचे पाणी आपल्या भिंगाखाली धरले, तेव्हा त्याला नागमोडी वळणांचे हिरवे पट्टे दिसले होते. ज्याला आज आपण स्पायरोगायरा म्हणतो तेच ते शेवाळ असावे, असे जाणकार मानतात. पुढे जिनिव्हाचे धर्मोपदेशक व्होशे यांनी गोड्या पाण्यातील शेवाळांवर 1803 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन तंतू शेजारी येतात, शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे त्यांच्यात आडव्या नळ्या जुळतात, एका तंतूतील पेशीचा सारा ऐवज नळीतून दुसरीत जातो, आणि दोहोंचा मिळून एक गोळा बनतो. हे सारे व्होशेंनी पाहिले, आणि त्या गोळ्याला अंकुर फुटून नवा तंतू होतो हेही पाहिले. तळ्यावरची घाण म्हणून हिणवलेल्या वस्तूच्या घरी चक्क लग्ने लागत होती!

परंतु स्पायरोगायराच्या लग्नात वधूवर दिसायला सारखेच. बीज कोणते, क्षेत्र कोणते, हे ठरवायचे कसे? तो उलगडा दुसऱ्या एका शेवाळाने केला. त्याचे नाव इडोगोनियम. त्याच्या तंतूतील एखादी पेशी फुगते आणि तिच्यात मोठे, अन्नाने भरलेले अंडे तयार होते. दुसरीकडे बुटक्या पेशींच्या उतरंडीतून चिमुकले नरकण बाहेर पडतात. त्यांच्या डोक्याभोवती हलत्या केसांचे कडे असते, आणि त्या जोरावर ते पाण्यात पोहतात. बर्लिनचे नाथानाएल प्रिंग्सहाइम हे पाळत ठेवून बसले होते. फुगलेल्या पेशीला छिद्र पडले, एक नरकण आत शिरला आणि अंड्यात मिसळून गेला. मग त्या अंड्याने आपल्याभोवती जाड कवच विणले. 1856 साली त्यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आदल्याच वर्षी फर्डिनांड कोन यांनीही स्फेरोप्लिआ नावाच्या तंतुमय शेवाळात नरकणांची अंड्यांभोवती उडालेली झुंबड वर्णिली होती.

या घटनेचा अर्थ केवढा मोठा! अंडे हे रिकामे शेत नव्हते. ते स्वतःच एक जिवंत बीज होते. आलेला पाहुणा त्यात उगवला नाही, तो त्यात विरघळला. दोन बीजांचे एक बीज झाले. पुढे 1876 साली ऑस्कर हर्टविग यांनी सागरी प्राण्याच्या अंड्यात दोन केंद्रके एक होताना पाहिली, आणि 1884 साली स्ट्रासबुर्गर यांनी फुलझाडांतही तेच दाखवले. शेवाळ, प्राणी, फुलझाड, सर्वांचा कायदा एक निघाला. बाप अर्धा, आई अर्धी. किंबहुना आईचे माप थोडे जास्तच. स्पायरोगायराच्या गोळ्यात नर पेशीचे हिरवे पट्टे झिजून जातात आणि मादी पेशीचेच पुढच्या पिढीला मिळतात.

कवचातला तो गोळा पुढे काय करतो? तो तळाशी गाळात जाऊन पडतो. उन्हाळ्यात तळे आटते, चिखलाला भेगा पडतात, तंतू वाळून नाहीसे होतात, पण गोळा कवचाच्या आत तग धरून असतो. पाणी आले, की तो जागा होतो. जागे होताना तो एक हिशेब चुकता करतो. आईबापांकडून आलेली दुहेरी शिदोरी तो पुन्हा एकेरी करतो. चार्ल्स अॅलन यांनी 1905 साली कोलिओकीट नावाच्या हिरव्या शेवाळात ही गोष्ट दाखवली. इडोगोनियमच्या गोळ्यातून चार पोहणारे कण निघतात. स्पायरोगायरात चार केंद्रकांपैकी तीन मरतात आणि एकाच अंकुराला वाट मिळते. आपले सारे शरीर दुहेरी वारशाचे. शेवाळाचा सारा तंतू मात्र एकेरी, आणि दुहेरीपण तेवढे त्या झोपलेल्या गोळ्यापुरते. पाणी मुबलक असेल तोवर हे लग्नाच्या भानगडीत फारसे पडतही नाही. स्पायरोगायराचा तंतू तुटला तरी त्याचे दोन होतात, इडोगोनियम पोहणारे बीजाणू सोडून आपला संसार वाढवते.

या विद्येला आपल्या मातीतही उपासक लाभले. मुंबईत एला गोन्साल्विस यांनी आपले सहकारी जोशी यांच्यासह वांद्र्याच्या एका तलावातील शेवाळांचा ऋतुक्रम अभ्यासून 1946 साली प्रसिद्ध केला. स्पायरोगायराच्या कुळावर रंधावा यांचा ग्रंथ 1959 साली निघाला, आणि इडोगोनियमच्या कुळावरील गोन्साल्विस यांचा ग्रंथ 1981 साली. दोन्ही ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रकाशित केले. ज्या देशाने बीज आणि क्षेत्र हे रूपक रचले, तेथील शेतीच्या परिषदेनेच या साक्षीदारांच्या वंशावळी छापाव्यात, हाही एक योगच.

आता थोडे घरातले. वंश बापाचा, नाव बापाचे, आणि मूल झाले नाही किंवा मुलगीच झाली तर दोष मात्र क्षेत्राचा, हा न्याय किती घरांत किती सुनांच्या वाट्याला आला, याची गणती कोणी ठेवलेली नाही. त्या न्यायाचा शास्त्रीय पाया दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच ढासळला आहे. रूपक मात्र अजून बोलण्यात आहे, आणि रूपके शास्त्रापेक्षा फार सावकाश मरतात. भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकीच्या कडेवरील मुलाकडे पाहून कोणी म्हणाले, “अगदी बापावर गेला हो!” तर म्हणू द्यावे. नाकडोळे कोणावरही जावोत. पण अर्धा वारसा त्या लेकीचाच आहे, याची साक्ष गावच्या तळ्यात केव्हाची तरंगते आहे.