१९७१ची 'विक्रांत' नेमकी कशी दिसत होती?

दरवर्षी ४ डिसेंबरला, नौदल दिनाला, सकाळपासून फोन टुणटुण करायला लागतो. '१९७१च्या युद्धातली आपली आयएनएस विक्रांत' असं लिहिलेला फोटो हमखास येतो. त्यात जहाजाचं नाक वर उचललेलं असतं आणि डेकवर सी हॅरियर विमानं उभी असतात. खाली तिरंगा, 'गर्व आहे' आणि लाइकचा पाऊस.

फोटो बहुतेक वेळा विक्रांतचाच असतो, पण १९७१चा नसतो. सी हॅरियर आपल्या नौदलात आली १९८३ साली. ते वर उचललेलं नाक म्हणजे स्की-जम्प, साधारण पावणेदहा अंशांचा उतार. तो बसवला १९८७ ते १९८९च्या मोठ्या दुरुस्तीत. १९७१मध्ये विक्रांतचं डेक पुढपर्यंत सपाट होतं आणि सी हॉक विमानं वाफेच्या कॅटापुल्टने फेकली जायची, गलोलीतून खडा सुटावा तशी. गेल्या काही वर्षांत तर २०२२ साली कोचीला नौदलात आलेल्या नव्या विक्रांतचा फोटोही '१९७१' म्हणून फिरतो. ते जहाज जुन्यापेक्षा जवळजवळ ५० मीटर लांब आहे, पण नाव सारखं, मग चालतंय की!

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मी जहाजांची मॉडेलं बनवतो. गेली चार वर्षं घरातल्या एका टेबलावर १९७१ची विक्रांत तयार होतेय, १:३५० प्रमाणात. खरं जहाज २१३ मीटरचं, माझं ६१ सेंटिमीटरचं. या चार वर्षांतली साडेतीन तरी कटर आणि गोंदात गेलेली नाहीत, फोटो आणि कागदांत गेलीत. घरच्यांना वाटतं मी खेळतोय. वाटू दे.

पुस्तकात 'विक्रांतवर विमानविरोधी तोफा होत्या' असं एक वाक्य लिहून पुढे जाता येतं. मॉडेलवाल्याला ती सोय नाही. इथे, या कठड्यापाशी तोफ आहे की नाही? असली तर कुठल्या बाजूला तोंड करून? चिकटवायची तर चिकटवायची, नाहीतर जागा मोकळी सोडायची. मोघम असं काही चिकटवता येत नाही. म्हणून 'कोणतं जहाज' याच्याआधी 'कोणत्या तारखेचं जहाज' हे ठरवावं लागतं. तोफांचंच बघा. एका ठिकाणी ४० मिमीच्या बोफोर्स १६ लिहिलेल्या सापडतील, दुसरीकडे ८. दोन्ही आकडे बरोबर आहेत. सुरुवातीला १६ होत्या, नंतर कमी करून ८ केल्या. तारीख न देता आकडा सांगणारं पुस्तक माझ्या काही कामाचं नाही.

मूळ आराखडा आणावा तर तिथे आणखी गंमत. विक्रांतचा सांगाडा १९४३मध्ये इंग्लंडला, टाइन नदीवर व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत उभा राहायला लागला. नाव ठरलं होतं 'हर्क्युलिस'. २२ सप्टेंबर १९४५ला जहाज पाण्यात उतरलं, तोवर महायुद्ध संपून तीन आठवडे झाले होते. काम थांबलं आणि अर्धवट जहाज दहाएक वर्षं तसंच पडून राहिलं. १९५७मध्ये भारताने ते विकत घेतलं आणि बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत (हो, टायटॅनिकवालीच) ते पुरं झालं. मधल्या काळात विमानं जेटची झाली होती, म्हणून तिरकं डेक आणि वाफेचं कॅटापुल्ट तिथे बसवलं. ४ मार्च १९६१ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते आपल्या नौदलात आलं. म्हणजे १९४५च्या आराखड्यावरून मॉडेल केलं, तर जे कधी समुद्रात गेलंच नाही असं जहाज तयार होईल.

मग उरतात फोटो. पण फोटोही आधी तपासून घ्यावे लागतात. सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे, धुराडं, रडार आणि ब्रिज असलेली डेकवरची इमारत, जिला 'आयलंड' म्हणतात, ती विक्रांतवर उजव्या बाजूला आहे. तुम्ही जहाजाच्या मागून पुढे बघताय आणि आयलंड डावीकडे दिसतंय, तर कुणीतरी निगेटिव्ह उलटी छापलीय. छापील पुस्तकांतसुद्धा असे फोटो मला सापडलेत.

मापं काढायला मी डेकवरची विमानंच पट्टी म्हणून वापरतो. सी हॉकचे पंख पूर्ण उघडले की ३९ फूट, म्हणजे ११.९ मीटर, आणि घडी घातली की साधारण ४ मीटर. विमान एखाद्या वस्तूच्या अगदी शेजारी उभं असेल, तर त्या वस्तूची उंची-रुंदी बऱ्यापैकी निघते. दूर असेल तर फसवतं. माझ्या प्रमाणात एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर खऱ्या जहाजावर ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पाण्याने. मॉडेल नुसतं स्टँडवर ठेवायचं नाही, समुद्रात चालताना दाखवायचं असं ठरवलं होतं. पाणी करायचं म्हणजे नाकापाशी फुटणारी लाट आणि मागचा फेस करायचा, आणि त्यासाठी वेग माहीत हवा. विक्रांतचा मूळ वेग २५ नॉटच्या आसपास. पण १९७०मध्ये बॉयलरच्या ड्रमना तडे गेलेले दिसले, आणि ते तडे नुसत्या वेल्डिंगने भरण्यातले नव्हते. नवे ड्रम विलायतेहून यायचे. जहाज कित्येक महिने मुंबईत अडकून पडलं. युद्ध समोर दिसू लागल्यावर नौदलाने धोका पत्करला. चारपैकी तीन बॉयलर, तेही जपून वापरायचे, आणि वेग १६ नॉटच्या आसपास ठेवायचा. व्हाइस अ‍ॅडमिरल हिरानंदानी यांच्या 'ट्रान्झिशन टू ट्रायम्फ' या नौदलाच्या इतिहासात हे सगळं आलंय.

विमानवाहू जहाजाचा वेग हा नुसता पोहोचण्याचा प्रश्न नसतो. जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात चालतं, तेव्हा डेकवरून वाहणाऱ्या वाऱ्याने विमानाला उचलायला मदत होते. वेग कमी आणि वाराही पडलेला, तर जड विमान सुटणं अवघड होऊन बसतं. अशा जहाजावरून ४ डिसेंबर १९७१च्या सकाळी आठ सी हॉक कॉक्स बाजारकडे गेली आणि दुपारी चितगाववर हल्ला झाला. माझ्या मॉडेलच्या नाकापाशी मोठी पांढरी लाट केली असती, तर दिसायला झकास दिसलं असतं. पण ती माणसं अधू बॉयलर घेऊन युद्धात उतरली होती, तेच लपलं असतं. म्हणून माझी लाट लहान आहे.

देवगडकडचे एक काका त्या वेळी फ्लाइट डेकवर होते. त्यांना भेटायला गेलो, प्रश्नांची दोन पानं घेऊन. तोफा किती, रंग कोणता, दोर कुठले, त्यांना काही आठवेना. पण म्हणाले, "वारोच नव्हतो रे. बावटो लोंबत होतो नुसतो." वाऱ्याबद्दल मी विचारलंही नव्हतं! मग त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून अल्बम काढला. त्यात एक इवलासा फोटो, डेकच्या कडेला चार मित्र खांद्यावर हात टाकून हसतायत. मी भिंग लावून बघायला लागलो तसे काका हिरमुसले. म्हणाले, "आमी हय पुढे आसंव, तू मागे काय बघतंस?" त्यांच्या मागे तोफेचा कठडा होता. अधिकृत फोटो लांबून, संपूर्ण जहाजाचे असतात. हा कोपरा इतक्या जवळून मला कुठेच मिळाला नव्हता.

खरं तर हे अल्बमवर अवलंबून राहायला नको होतं. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे आराखडे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात सांभाळून ठेवलेत, पैसे भरले की प्रत मिळते, मग तुम्ही कुणीही असा. आपल्याकडे एका कार्यालयाला मी तीन पत्रं लिहिली. एकाचीही पोच नाही. २०१०मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं की, कोलकात्याच्या लष्करी पूर्व मुख्यालयातली १९७१च्या युद्धाची कागदपत्रं नष्ट झालीत. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण जाहीर केलं, त्यानुसार युद्धांचे कागद साधारण २५ वर्षांत खुले व्हायला हवेत. १९७१ला पन्नासच्या वर वर्षं झाली. हिशेब तुम्हीच करा.

आणि जहाज? ३१ जानेवारी १९९७ला विक्रांत निवृत्त झाली. २००१ ते २०१२ मुंबईत ती संग्रहालय होती, आपल्यापैकी कित्येकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. मग धोकादायक म्हणून बंद. २०१४मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात गेली. याचिका झाल्या, फेटाळल्या गेल्या, आणि नोव्हेंबरमध्ये दारूखान्याला तोडकाम सुरू झालं. त्यातलं थोडं लोखंड वितळवून मोटरसायकलींत वापरलं, त्याची जाहिरात तुम्हाला आठवत असेल. 'विराट'च्या वेळी आपल्या राज्य मंत्रिमंडळाने २०१८मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. २०२०मध्ये विराट अलंगला तोडायला गेली.

माझं मत काही मित्रांना आवडत नाही, तरी सांगतो. प्रत्येक जहाज वाचवा असं मी म्हणत नाही. खाऱ्या पाण्यातलं लोखंड दरवर्षी पैसे खातं, आणि ज्या शहरात लोकलला लोंबकळून माणसं मरतात तिथे कोट्यवधी रुपये कशावर खर्च करायचे हा प्रश्न रास्त आहे. पण तोडण्याआधी मोजून घ्या ना! अमेरिकेत १९६९पासून 'हिस्टॉरिक अमेरिकन इंजिनिअरिंग रेकॉर्ड' नावाचं सरकारी काम चालतं. पूल, कारखाने, भंगारात निघालेली जहाजंसुद्धा मोजून, त्यांची रेखाचित्रं-फोटो काढून तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात ठेवतात, सगळ्यांना फुकट बघता येतात. याला ८५२ कोटी लागत नाहीत. चार इंजिनिअर, दोन फोटोग्राफर आणि काही महिने पुरतात.

तुकडा ठेवणंही जमतं, आपणच करून दाखवलंय. आपली जुनी क्रूझर 'आयएनएस दिल्ली' ही मूळची न्यूझीलंडची 'अकिलीस', डिसेंबर १९३९मध्ये जर्मन 'ग्राफ श्पे'शी लढलेली. त्या लढाईवर १९५६मध्ये सिनेमा आला, तर त्यात अकिलीसचं काम आपल्या दिल्लीनेच केलं! १९७८मध्ये ती भंगारात निघाली, तेव्हा तिचा एक तोफांचा टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या दाराशी तो आजही उभा आहे. तिथल्या मॉडेलवाल्याला टेप घेऊन सकाळी जाता येतं. मत्सर वाटतो, काय करणार.

आता कामाचं. कोकणात, देशावर, सातारा-कोल्हापूरकडे कितीतरी घरांत नौदलातून निवृत्त झालेले आजोबा आहेत, किंवा होते. १९७१ला विशीत असलेले आज सत्तरीच्या पुढे आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्यांचे अल्बम रद्दीत जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरात असा एखादा अल्बम असेल, तर फोटो मोबाइलवर उजेडात, सरळ वरून काढा. मागे काही लिहिलं असेल तर ती बाजूही घ्या, कारण तारीख बहुतेक तिथेच असते. कडा कापू नका, मला जे हवं असतं ते नेहमी कडेलाच असतं. आणि आजोबा असतील तर फोटोतली नावं विचारून आत्ताच लिहून ठेवा.

माझ्या मॉडेलवर डाव्या बाजूला, मागच्या अंगाला, एक कठडा अजून मोकळा ठेवलाय. १९७१चा, त्या बाजूचा, जवळून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर मेसेज करा. त्यात माणसं कोण आहेत तेही कळवा.