देवांचे प्राणांक

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मागें एकदां एक जुनें अमेरिकन पुस्तक आमच्यापुढें आणून ठेविलें. पुस्तक १९८० सालीं निघालेलें. नांव ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’, म्हणजे देव आणि अर्धदेव. त्यांत ग्रीकांच्या झ्यूसापासून आपल्या इंद्रापर्यंत अनेक देवांचीं वर्णनें असून प्रत्येकाच्या नांवाखालीं अंक मांडले होते: बळ किती, बुद्धि किती, आणि किती मार सोसल्यावर हा देव पडेल. “सर, हा आपल्या देवांचा अपमान आहे कीं नाहीं?” असें त्यानें विचारलें. आम्ही इतिहासाचे अध्यापक. ‘विचार करून सांगतों’ असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. तो विचार आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम हा खेळ कसा असतो तें सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्यास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण भूमिकांचा खेळ म्हणूं. चारसहा गडी टेबलाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होऊन एका कल्पित जगाचें वर्णन करितो. बाकीचे त्या जगांतील एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार तें तोंडानें सांगतात. साहस साधलें कीं फसलें ह्याचा निकाल बहुधा फांसे देतात. ह्या खेळाचा पहिला छापील ग्रंथ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांनीं १९७४ सालीं सिद्ध केला. दोघेही शिपायांच्या लहान लहान पुतळ्यांनीं लढाया खेळणाऱ्या मंडळींतले. लढाईच्या खेळांत कोण किती मार सोसतो ह्याचा हिशेब ठेवावाच लागतो. तोच हिशेब नव्या खेळांतील पात्रांस चिकटला व त्यास ‘हिट पॉइंट’ म्हणूं लागले. आम्ही त्यास प्राणांक म्हणतों. देवांस प्राणांक मिळाले ते कोणा नास्तिकाच्या खोडसाळपणानें नव्हेत, खेळाच्या कुळाचारानें मिळाले, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

देवांस ह्या हिशेबांत आणणारें पुस्तक रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड ह्यांनीं १९७६ सालीं लिहिलें. त्यामागील एक हेतु मोठा गमतीचा होता. कांहीं ठिकाणचे सूत्रधार इतके उदार झाले होते कीं गड्यांचीं पात्रें बळानें फुगत फुगत अतोनात मोठीं झालीं. त्यांस लाज वाटावी म्हणून संपादकानें प्रस्तावनेंत ओडिनाकडे बोट दाखविलें. उत्तर युरोपच्या ह्या देवाधिदेवास जर तीनशेंच प्राणांक, तर तुमच्या फुगलेल्या सरदारांचें काय कौतुक करावें, असा त्याचा रोख होता. म्हणजे देवांचे अंक छापले ते मनुष्याचा गर्व उतरावा म्हणून. परिणाम मात्र उलटा झाला. ज्याला अंक आहे त्याला शून्यावर आणतां येतें, हें गड्यांच्या ध्यानांत यावयास वेळ लागला नाहीं. आणि कित्येकांनीं त्या देवमालिकेकडे शिकारीच्या यादीप्रमाणें पाहिलें.

आम्हांस ह्या पुस्तकांत अंकांपेक्षां दुसरीच गोष्ट अधिक खटकते. त्यांत ग्रीस, मिसर व उत्तर युरोप येथील देवांच्या रांगेंत हिंदुस्थानचे देव आहेत, आणि त्याच रांगेंत रॉबर्ट हॉवर्ड व मायकेल मूरकॉक ह्या कथाकारांच्या कल्पित जगांतील देवही आहेत. ख्रिस्ती व इस्लामी उपास्यांस मात्र त्यांत जागा नाहीं. झ्यूसाचीं देवळें ओस पडून दीड हजार वर्षें झालीं. इंद्राचें नांव आपल्या घरच्या स्वस्तिवाचनांत आजही घेतलें जातें. जिवंत उपासकांचे देव कोणते आणि नुसते पुस्तकांतले कोणते, हा भेद ग्रंथकारांस आपल्या शेजाऱ्यांपुरता कळला. समुद्रापलीकडील लोकांविषयीं कळला नाहीं. ह्यांत द्वेषापेक्षां अज्ञानच अधिक होतें असें आमचें मत आहे.

हें झालें अद्भुतकथेच्या जगांतलें. त्याच १९७६ सालीं त्याच वॉर्ड ह्यांनीं अवकाशांत भरकटलेल्या एका प्रचंड जहाजावरील ‘मेटॅमॉर्फोसिस अल्फा’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि भूमिकांचा खेळ विज्ञानकथेच्या प्रांतांत शिरला. येथें देवाची अडचण निराळी आहे. अद्भुतकथेंत देव आहे म्हणजे आहे; विज्ञानकथा विचारते, हा आहे तरी कसा? ह्याचें उत्तर कादंबऱ्यांत व चित्रपटांत आधींच तयार झालें होतें. १९६७ सालीं ‘स्टार ट्रेक’ ह्या दूरदर्शन-मालिकेंत अपोलो हा एके काळीं ग्रीसांत येऊन राहिलेला परलोकचा प्रवासी ठरला. पुढच्याच वर्षीं एरिख फॉन डॅनिकेन ह्यांनीं जगांतील अनेक पुराणांस हाच न्याय लावणारें पुस्तक काढिलें. संशोधकांनीं तें झिडकारलें, लोकांनीं डोक्यावर घेतलें. १९९४ सालच्या ‘स्टारगेट’ चित्रपटांत मिसरचा सूर्यदेव रा हा असाच एक परका जुलमी राजा दाखविला. त्यावरून निघालेल्या मालिकेचा २००३ सालीं भूमिकांचा खेळ झाला, आणि देवाचें बिंग फोडून त्यास पदच्युत करणें हें गड्यांचें काम झालें.

ही युक्ति नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास मॅसिडोनियाच्या कॅसँडर राजाच्या पदरीं युहेमेरस नांवाचा एक ग्रीक होता. त्यानें हिंदी महासागरांतील एका कल्पित बेटाची सफर लिहिली. तेथील सुवर्णस्तंभावर, झ्यूस वगैरे देव हे पूर्वींचे मर्त्य राजेच होत, असें कोरलेलें आढळलें म्हणून तो सांगतो. पुढें ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं तेंच लिखाण जुन्या देवांवर शस्त्र म्हणून चालविलें. बेटाच्या जागीं ग्रह व राजाच्या जागीं परग्रहवासी घातला कीं युहेमेरस आजच्या खेळांत सुखानें येऊन बसतो.

ह्या पंथांतील सर्वांत विचार करण्याजोगी कृति म्हणजे रॉजर झेलाझ्नी ह्यांची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ ही १९६७ सालची कादंबरी. तिला १९६८ सालीं ह्यूगो पारितोषिक मिळालें. आणि गायगॅक्स ह्यांनीं १९७९ सालीं आपल्या स्फूर्तिदात्या लेखकांची जी यादी छापली तींत झेलाझ्नी आहेत. परग्रहावर उतरलेल्या जहाजांतील कांहीं मंडळी यंत्रविद्या आपल्या मुठींत ठेवून ब्रह्मा, यम, काली अशीं नांवें धारण करितात आणि पुढील पिढ्यांवर देव म्हणून राज्य करितात. पुनर्जन्मही यंत्रानेंच होतो. आज्ञेंत न राहणाऱ्यास हीन देह मिळतो. ह्या जुलमाविरुद्ध त्यांच्यांतलाच एक जण बुद्धाचा उपदेश पुन्हां सुरू करितो. कर्मविपाकाची अशी नुसती दंडयंत्रणा केलेली आमच्या वाचकांस रुचणार नाहीं. तथापि त्या कथेंत ब्रह्म्याचा वध होतो तेव्हां काली ही ब्रह्मा होते. कारण तेथें ब्रह्मा हें व्यक्तीचें नांव नसून पदाचें नांव आहे. हें वाचतांना आम्हांस पुराणांचीच आठवण झाली. विष्णुपुराणाप्रमाणें प्रत्येक मन्वंतराचा इंद्र निराळा. चालू वैवस्वत मन्वंतराचा इंद्र पुरंदर. पुढील सावर्णि मन्वंतरांत तेंच पद बळीला मिळावयाचें आहे. वृत्रवधानंतर इंद्र लपून बसला तेव्हां नहुष राजा त्या आसनावर बसला, आणि माजला म्हणून सर्प होऊन खालीं पडला. तेव्हां देव हरतो, पदावरून ढळतो, एवढें ऐकूनच कानांवर हात ठेवण्याचें आपणांस कारण नाहीं.

मग ह्या खेळांत उणें काय पडतें? भागवतांत यशोदा कृष्णाला उखळाशीं बांधूं लागते. किती दावीं जोडलीं तरी दोन बोटें कमी पडतात. शेवटीं आईची दमणूक पाहून तो आपण होऊन बांधून घेतो. ह्या दामोदराचे प्राणांक किती लिहावे? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता म्हणून विटेवर तिष्ठत राहिलेल्या विठ्ठलाचें बळ कोणत्या रकान्यांत घालावें? अंक सामर्थ्याचा मांडतां येतो. देव आणि भक्त ह्यांच्यामधील नात्याचा अंक मांडतां येत नाहीं, आणि परग्रहावरील यंत्रानें तें नातें उलगडतही नाहीं. ज्या देवास भक्त उरला नाहीं त्याचें फक्त सामर्थ्य शिल्लक राहतें; म्हणून झ्यूस ह्या खेळांत फारसा बिघडत नाहीं, विठ्ठल मात्र ओळखूंही येणार नाहीं.

खेळाचें आणि देवाचें आपल्याकडे वांकडें आहे असेंही नव्हे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत १२० गोल पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत राजा, वजीर व एक्क्यापासून दहापर्यंत दहा पानें. अंक तेथेंही आहेत. पण तेथें दिवसा डाव रामाच्या रंगानें सुरू होतो आणि रात्रीं कृष्णाच्या. खेळणारा आपला डाव देवाच्या वेळेशीं जुळवून घेतो. कोंकणांतील दशावतारी नाटकांत संकासुराच्या थट्टेनें पोट धरून हंसणारा गांवकरी देवास विसरलेला नसतो. नातें जागें असलें म्हणजे थट्टाही खपते आणि अंकही खपतात.

असो. आमच्या त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येईल. बाळ, अंक दिल्यानें देवाचा अपमान होत नाहीं. त्याची गोष्ट न वाचतां नुसतें नांव उचलल्यानें होतो, आणि तो दोष परदेशी ग्रंथकारांप्रमाणें आपल्या मुलांच्या हातूनही घडूं शकेल. उद्यां तूं सूत्रधार होशील आणि आपला खेळ ताऱ्यांमधील एखाद्या जहाजावर मांडशील. तेथें इंद्राला खुशाल प्राणांक दे. मात्र त्या जहाजावर एखादी म्हातारीही असूं दे, जिला देवाचे अंक ठाऊक नाहींत, आणि जी रोज सकाळीं त्याच्यापुढें दिवा लावते.